शिवलकर नाना आणि पुढचा ब्रेक

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी साडेआठच्या सुमाराला, पालीच्या अलीकडच्या वळणावर माझ्या मोटरसायकलने रस्त्याकडेला उभ्या असलेल्या रिक्षाला मागून धडक दिली. रिक्षाचे चालक पावसकर गाडीला टेकून उभे होते. त्यांच्या उजव्या पायाचं हाड मोडलं. माझं खांद्याजवळचं. दुसऱ्या दिवशी आमच्या दैनिकाच्या तिसऱ्या पानावर सहा ओळींची बातमी आली. शीर्षक होतं, ‘ब्रेक निकामी झाल्याने दुचाकीची रिक्षाला धडक’. या दुचाकीच्या ब्रेकचं काम नुकतंच परटवणे येथील एका कारागिराकडून करून घेतलं होतं, असं शेवटच्या ओळीत म्हटलं होतं.

बातमी चुकीची होती. ब्रेक निकामी झाला नव्हता. मी तो दाबलाच नव्हता. टाकीवर बांधलेल्या पाकिटातला मोबाइल वाजला, कार्यालयाचं नाव दिसलं आणि मी खाली पाहिलं. मान वर केली तेव्हा रिक्षा पाचेक फुटांवर होती. सिव्हिल हॉस्पिटलात जबाब घ्यायला आलेल्या हवालदारांनी विचारलं, “ब्रेक फेल?” मी होकारार्थी मान हलवली. आमचा वार्ताहर त्यांच्या मागेच उभा होता. खुलासा आजपर्यंत छापलेला नाही.

ब्रेकचं ते काम शिवलकर नानांनी केलं होतं.

रत्नागिरीतल्या परटवण्याच्या उतारावर त्यांची शेड होती. तीन बाजूंना चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, चौथी बाजू रस्त्याला उघडी. पाटी नव्हती. नाना फक्त ब्रेकचं काम करत. कोणी इंजिनाची तक्रार घेऊन आला तर ते त्याला खालच्या गल्लीतल्या गॅरेजचा रस्ता दाखवत. “पळवणारे गावात पुष्कळ हायत,” म्हणत. “माझ्याकडे थांबवायचा काम.”

उंची बेताची, अंग काटकुळं, खाकी हाफ पॅंट आणि पांढरा गंजीफ्रॉक. गंजीफ्रॉक खरोखर पांढरा असे. काम झाल्यावर सगळेच मेकॅनिक हात धुतात. नाना कामाआधी धुवत. साबण लावून कोपरापर्यंत, मग नखांत ब्रश घालून. ब्रेक ऑइलमध्ये कचऱ्याचा कण गेला तर काय होतं हे मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी उलट विचारलं, “जेवताना दाताखाली खडा आला तर काय करतोस?”

“थांबतो.”

“तुझा दात थांबतो. ही गाडी थांबत नाय.”

पावसाळ्यात ते ब्रेक ऑइलची बाटली उघडत नसत. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आषाढात रत्नागिरीच्या हवेत दुसरं काही नसतं. ते तीन महिने नाना स्कूटर आणि सायकलींच्या ब्रेकचे तारेचे आणि रबराचे किरकोळ प्रकार करत. उरलेला वेळ पत्र्यावरच्या पावसाचा आवाज ऐकत बसत. गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी गाडी घेऊन घाईने येत. त्यांनाही ते “दसऱ्यानंतर या” म्हणून परत पाठवत. दसऱ्याला तो माणूस मुंबईत असे. नानांना ते माहीत होतं.

शेडची मागची भिंत ही त्यांची खरी पाटी. तिच्यावर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एक जुनी रबरी नळी टांगलेली. हॅंडलवर ब्रेक दाबला की ऑइल ज्या नळीतून चाकापर्यंत जातं, ती. प्रत्येक नळी लांबीच्या बाजूने ब्लेडने चिरलेली, सुकलेल्या बोंबलासारखी उघडी. प्रत्येकीला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. त्यावर शिसपेन्सिलीने गाडी मूळ ज्याने घेतली त्याचं नाव, मग दोष: ‘आतून फुगला’, ‘तडे’, ‘वाट अर्धी’, ‘बाहेरून चांगला, आत मेलेला’. खाली तारीख. गाडी मुलाने आणली असो वा जावयाने, नाव मूळ मालकाचंच. कारण विचारल्यावर ते म्हणाले, “नळी त्याच्याबरोबर म्हातारी झाली ना?”

नळी चिरण्याआधी एक प्रकार ठरलेला होता. ते ती स्वच्छ धुऊन, पुसून मालकाच्या हातात देत आणि म्हणत, “फुंक.” मालक फुंकर मारी. नळी खराब असली तर गाल फुगत, डोळे बाहेर येत आणि दुसऱ्या टोकाशी धरलेल्या नानांच्या बोटाला काही लागत नसे. मोठमोठी माणसं त्या शेडमध्ये गाल फुगवून उभी असलेली मी पाहिली आहेत.

त्यांत चिपळूणचे एक डॉक्टर होते. त्यांना जुन्या गाड्यांचा शौक. पुण्यात जुन्या मोटरसायकलींची स्पर्धा होती, आणि परीक्षक प्रत्येक भाग मूळचा आहे का हे पाहतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांना ब्रेक हवा होता, पण नळी जुनीच.

“ओरिजिनल आहे हो, नाना. कंपनीचं नाव आहे त्याच्यावर.”

“नाव बाहेर हाय. फुंका.”

डॉक्टरांनी फुंकली. गाल लाल झाले.

“आता सांगा, पेशंटची अशी नस असली तर काय करता?”

“बदलतो,” डॉक्टर म्हणाले. मग सावरून म्हणाले, “पण परीक्षकांना दाखवायचं काय?”

“असा करा. गाडी टेम्पोत घालून न्या पुण्याला. जजना ओरिजिनल ब्रेक दिसेल आणि तुम्हाला तो लागणार नाय.”

डॉक्टर चिडून निघून गेले. आठवड्याने परत आले. नानांनी नळी बदलली आणि नावाची जुनी पट्टी सोलून नव्या नळीवर इतक्या सफाईने चढवली की परीक्षकांना ती कळली नाही. डॉक्टरांना बक्षीस मिळालं. ते पेढे घेऊन आले तेव्हा नाना म्हणाले, “नाव काय, कुठेही चिकटतं.” त्या वेळी मी हसलो होतो.

गाडीत बसलेले नाना ही एक वेगळीच गोष्ट होती. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे नानी म्हणत असू, सांगत की यांच्याबरोबर एसटीने कोल्हापूरला जाणं म्हणजे शिक्षा. ड्रायव्हरच्या मागचंच आसन पाहिजे. आंबा घाट सुरू झाला की नानांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर. “ड्रायव्हर एकदा दाबी, हे दोनदा. कोल्हापूरला उतरून ड्रायव्हरला म्हणाले, तुमचा डावा मागचा उशिरा धरतो. तो म्हणाला, काका, तुम्ही तिकीट घेतलंत की गाडी?” नानी हे नानांसमोर सांगत. नाना ऐकत आणि शेवटी एवढंच म्हणत, “धरत होता उशिरा.”

नानींची जीभ नानांच्या ब्लेडपेक्षा धारदार होती. घरात मिक्सर बंद केल्यावर पातं जरा जास्त फिरलं तरी हे खोलून बसतात, अशी त्यांची तक्रार. “देवाने आमच्या यांना जन्माला घातलं ते सगळ्या जगाला ‘थांब’ म्हणायला. स्वतः मात्र तिथल्या तिथे.”

माझ्या वडिलांचं नाव मनोहर. ते बोटीवर फिटर होते. शेवटची बोट सोडून परतताना त्यांनी एक जपानी मोटरसायकल आणली. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेली गाडी तेव्हा रत्नागिरीत फारशी कोणी पाहिली नव्हती. मांडवीच्या किनाऱ्यावर ती उभी केली की माणसं बोट लावून पाहत. मागचा ब्रेक साधाच होता, पायाने दाबायचा, लोखंडी सळईवर चालणारा. पुढच्याचा त्याच्याशी संबंध नाही. हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम आहे.

वडील गेल्यावर गाडी बारा वर्षं आमच्या घरामागच्या खोपीत उभी राहिली. खारं वारं लागून जे गंजायचं ते गंजलं. तीन वर्षांपूर्वी मी ती बाहेर काढली. इंजिन दुसऱ्या एकाने चालू केलं. ब्रेकसाठी मी ती ढकलत परटवण्याला नेली.

नानांनी गाडीकडे पाहिलं नाही, आधी माझ्याकडे पाहिलं. “मनोहर फिटरचा मुलगा ना तू? पेपरातला?”

“हो.”

“तुझा बाबा स्वतः ऑइल बदलायचा. वर्षाला. मला फक्त दाखवायला आणायचा.” मग त्यांनी पुढचं चाक जमिनीपासून उचललं, हाताने फिरवलं, हॅंडलवरचा ब्रेक एकदा दाबून सोडला आणि चाक पुन्हा फिरवायला गेले. चाक फिरलं नाही. “बघ. धरतो, पण सोडत नाय. नळी आतून फुगली. ऑइल जातं, परत येत नाय.”

काम तीन दिवस चाललं. नळ्या दोन होत्या, वरची आणि खालची. त्यांचे बोल्ट वर्षानुवर्षं बसून एकजीव झाले होते. नानांनी त्यांच्यावर जोर केला नाही. तेल सोडलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही. मी विचारलं, पाना मोठा लावला तर? “तर बोल्ट तुटेल आणि मी शहाणा ठरेन,” ते म्हणाले. नव्या नळ्यांचं माप त्यांनी सुतळीने घेतलं. हॅंडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पुढचा भाग दाबून, उचलून. प्रत्येक वेळी सुतळीवर गाठ. मापाच्या नळ्या कोल्हापूरहून करून आल्या. त्या आल्यावर त्यांनी मला आधी जुन्या फुंकायला लावल्या, मग नव्या. नव्यांतून माझा श्वास त्यांच्या बोटावर गेला. जोडाला लागणाऱ्या तांब्याच्या चकत्या नव्या घातल्या. जुन्या दिसायला चांगल्या होत्या. “एकदा दबल्या की दबल्या. परत तशा बसत नायत.”

मग हवा काढणं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर ब्रेक दाबल्यावर हात नुसता आत जातो. टाकीवर ओलं फडकं टाकलं, शेजारी पाण्याची बादली ठेवली, कारण हे ऑइल रंग खातं. नाना चाकाशी उकिडवे बसले, हवा बाहेर काढायच्या पारदर्शक नळीचं टोक बाटलीत बुडवलं आणि मला हॅंडलशी उभं केलं.

“तुम्ही दाबा ना.”

“माझा हात काय करायचा? थांबवायचं तुला. तुझ्या हाताला कळू दे. दाब. धर. धरून ठेव. आता सोड. दाब.”

बाटलीत बुडबुडे येत होते. तासाभराने ते थांबले. त्यानंतरही नानांनी दहा वेळा दाबायला लावलं. सुरुवातीला हॅंडलवरचा ब्रेकचा लिव्हर हातात मऊ येत होता. त्याला ते ‘पोकळ’ म्हणत. शेवटी तो अर्ध्या वाटेत दगडासारखा उभा राहिला. ते ‘कडक’. ब्रेकविषयी त्यांच्याकडे हे दोनच शब्द होते आणि माणसांविषयीही त्यांनी तिसरा वापरलेला मी ऐकला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी लिव्हर पूर्ण दाबून सुंभाने हॅंडलला बांधून टाकला. रात्रभर तसाच दाबाखाली ठेवायचा. कुठे थेंब येत असेल तर सकाळपर्यंत येतो. बुधवारी सकाळी त्यांनी सुंभ सोडला, प्रत्येक जोडावरून पांढरा कागद फिरवला आणि कागद मला दाखवला. कोरडा होता.

“तीन दिवस शहराच्या बाहेर न्यायची नाय. घर, ऑफिस, एवढंच. शनिवारी आणून दाखव. मग कुठे फिरायची ती फिर.”

हा नियम सगळ्यांना होता. मी हो म्हटलं. गुरुवारी सकाळी पालीला एका सभेचं वृत्त घ्यायचं होतं आणि गाडी सुंदर चालत होती.

त्या महिन्यात मी आमच्या दैनिकात वाहन चालवताना मोबाइल वापरण्याच्या धोक्यांवर पाच भागांची मालिका लिहिली होती. शेवटचा भाग छापून चार दिवस झाले होते.

अपघाताच्या संध्याकाळी नाना हॉस्पिटलात आले. पिशवीत पेजेचा डबा होता. माझ्या कॉटशेजारच्या स्टुलावर बसले. खांदा किती मोडला, रिक्षावाल्याचं कसं आहे, ही विचारपूस झाली. मग म्हणाले, “आठवून सांग. लिव्हर कडक लागला की पोकळ?”

मी म्हटलं, “पोकळ.”

“पार आत गेला?”

“हो.”

“आणि मागचा? पायाचा? तो दाबलास ना?”

“दाबला.”

ते काही वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिले. नखं स्वच्छ होती. “पेज गरम हाय तोवर खा,” म्हणाले आणि गेले. तीन दिवसांच्या नियमाचा त्यांनी उल्लेख केला नाही.

सरकारी तपासणीत काही निघालं नाही. धडकेत हॅंडल वळलं होतं आणि लिव्हर तुटला होता, त्यामुळे पुढच्या ब्रेकची चाचणी शक्य नाही, असा शेरा पडला. पावसकरांनी तक्रार नसल्याचं लिहून दिलं. आठवड्याच्या आत गाडी सुटल्यावर ती मी चिठ्ठी देऊन नानांकडे पाठवली. वाहनांविषयीचा माझ्या आयुष्यातला एकमेव खोटा जबाब इथेच मिटला, असं मी तेव्हा धरून चाललो.

परटवण्यात तो मिटला नव्हता. बातमीत नानांचं नाव नव्हतं, पण परटवण्यात ब्रेकचं काम करणारा दुसरा कारागीरही नव्हता. पहिल्यांदा शाळेच्या व्हॅनवाल्याने येणं बंद केलं. चिपळूणच्या डॉक्टरांनी दुसरी गाडी कोल्हापूरला पाठवली. ‘शिवलकरांचा हात आता पूर्वीचा राहिला नाही’ हे वाक्य मी नाक्यावर, आमच्याच कार्यालयात आणि एकदा लग्नाच्या पंगतीत ऐकलं. तिन्ही वेळा मी जेवत किंवा चहा पीत होतो आणि तेच चालू ठेवलं.

मेच्या सुरुवातीला नानांचा निरोप आला, गाडी तयार आहे. शेडमध्ये माझ्या गाडीशिवाय एकही गाडी नव्हती. नानी पायरीवर आंब्याच्या फोडी मिठात घालत होत्या. मला पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

“पेपरात तुमच्याच आलं ना ते?” त्यांनी विचारलं. “तुम्हाला विचारून छापतात, की न विचारता?”

“नानी, मी हॉस्पिटलात होतो.”

“तेच म्हणत्ये. मग सांगितलं कोणी?”

“गप गो,” नाना आतून म्हणाले.

“मी का गप? तीन दिवस नेऊ नको म्हटलं होतं ना तुम्ही? मग सांगा ना लोकांना. हा पालीला कशाला तडमडला होता? येणाऱ्या-जाणाऱ्याला काय सांगता, तर ‘काम माझा होता’. एवढंच. दुसरं वाक्य येतच नाही यांना.”

“काम माझाच होता,” नाना म्हणाले.

गाडीचं हॅंडल सरळ झालं होतं. लिव्हर नवा होता. पुढच्या नळ्यांकडे पाहिलं तर त्याही पुन्हा नव्या होत्या, फेब्रुवारीत घातलेल्या नव्हेत. मी विचारलं, “त्या का बदलल्या? त्यांत काही निघालं?”

“हायत माझ्याकडे.”

“पण काही निघालं का?”

नाना हात पुसत होते. “तू सांग,” ते म्हणाले. “लिव्हर कडक लागला की पोकळ?”

नानी पायरीवर होत्या. रस्त्यावर कोणी नव्हतं. “पोकळ,” मी म्हटलं.

“बरं.”

त्या आठवड्यात मी खुलासा लिहिला. तीन ओळींचा. ‘सदर अपघात ब्रेक निकामी झाल्याने नव्हे, तर चालकाचे लक्ष विचलित झाल्याने घडला होता. संबंधित कारागिराच्या कामात दोष नव्हता. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ तो मी संगणकावर ठेवला. वृत्तसंपादकाकडे दिला नाही. दर काही महिन्यांनी उघडून त्यातला एखादा शब्द मी बदलत असे. पुढे बदलण्यासारखं काही उरलं नाही.

नाना शेड रोज उघडत. आठ वाजता झाडून घेत, हात धुऊन बसत. कोणी जुना माणूस आलाच तर काम करत, आणि आता लिव्हर एकाऐवजी दोन रात्री बांधून ठेवत, असं कानावर आलं. मी परटवण्याच्या उताराने जाणं टाळत होतो. माझ्या कामाच्या रस्त्यावर तो उतार येत होता, त्यामुळे मला रोज दहा मिनिटं लवकर निघावं लागे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या नोव्हेंबरात, दुपारी, एसटी स्टॅंडवर. मी चिपळूणच्या गाडीची वाट पाहत होतो. नाना बाकावर बसले होते. बरेच वाळले होते. गंजीफ्रॉकवर सदरा होता आणि तोही पांढरा. समोर एक गाडी फलाटाला लागत होती आणि त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता. गाडी थांबली तेव्हा पाय सैल झाला.

“कुठे, नाना?”

“कोल्हापूर. डॉक्टरला दाखवायला. पंपात काहीतरी हाय म्हणतात.” त्यांनी छातीला बोट लावलं. “वाल्व.” मग म्हणाले, “गाडी चालवतोस ना ती?”

“नाही. उभीच आहे.”

“उभी ठेवू नको. ऑइल पाणी ओढतं. तुझ्या बाबासारखं वर्षाला बदल.” त्यांची गाडी लागली. त्यांनी पिशवी उचलली, दोन पावलं गेले आणि वळले. “आता तरी आठवतं काय रे? कडक की पोकळ?”

त्यांच्यामागे माणसं रांगेत ढकलत होती. मी म्हटलं, “नाना, आधी जागा पकडा, नाहीतर ड्रायव्हरच्या मागची जाईल.”

ते हसले. ती जागा त्यांना मिळाली. गाडी फलाटावरून मागे निघाली तेव्हा खिडकीतून त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते ड्रायव्हरच्या पायाकडे पाहत होते.

डिसेंबरात नाना गेले. आमच्या दैनिकात सहा ओळींची निधनवार्ता आली. ती मी लिहिली. ‘ब्रेकदुरुस्तीच्या कामातील निष्णात कारागीर’ असे शब्द त्यात होते. पान तिसरंच.

तेराव्याला पावसकर आले होते. ते आता किंचित लंगडतात. हात धुताना माझ्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, “नाना आमच्याकडे वळणावर आलेले. तुमच्या ॲक्सिडेंटनंतर, तिसऱ्या की चौथ्या दिवशी. मी प्लास्टर घालून ओट्यावर बसलेलो. हे आपले रस्त्यावर वाकून वाकून बघतायत. मागे जातात, पुढे येतात. मी म्हटलं, नाना, काय हरवलं? तर म्हणाले, मागच्या चाकाची रेघ. मागचा ब्रेक दाबला की रस्त्यावर उठते ना काळी, ती.”

“मग?”

“मी विचारलं, गावली काय? म्हणाले, नाय.”

“आणखी काही?”

“काय नाय. माझ्या घरातनं पाणी मागून प्यायले आणि गेले.”

आमच्या धंद्यात एका माणसाच्या सांगण्यावरून बातमी करत नाहीत. निदान तसा नियम आहे.

जानेवारीत नानींचा फोन आला. शेड भाड्याने द्यायची होती आणि भिंत रिकामी करायची होती. “ज्यांच्या नावाचं त्यांनी घेऊन जायचं. तुमच्या बाबांच्या नावाचं दोन ठिकाणी हाय. आलात तर बघा, नाहीतर भंगारात देत्ये.”

मी रविवारी सकाळी गेलो. नानींनी स्टूल दिलं आणि त्या घरात निघून गेल्या. भिंतीवर वरच्या रांगेत, शेजारशेजारच्या दोन खिळ्यांवर ‘मनोहर फिटर’ होतं. पहिल्या खिळ्यावर बोटीवरून आलेल्या गाडीच्या दोन मूळ नळ्या. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘आतून फुगल्या. परतीची वाट बंद.’

दुसऱ्या खिळ्यावर कोल्हापूरहून करून आलेल्या दोन नळ्या होत्या. त्याही लांबीच्या बाजूने चिरलेल्या. आतलं रबर काळं आणि गुळगुळीत होतं. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘नव्या. जोड कोरडे. आत स्वच्छ. दोष नाही.’

खाली तारीख होती. ती अपघातानंतरच्या आठव्या दिवसाची होती.